गुरुवारचं भूत सापडलं: लोडर, सेल आणि बूट पूल

मागच्या अपडेटमध्ये घरच्या सर्व्हरने फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १५.० वर उडी मारल्याचं लिहिलं होतं, आणि आता फक्त झाडलोट उरलीय असंही. झाडलोट तशीच पडून आहे. मधल्या काळात खोकं गुरुवारी-गुरुवारी बूट व्हायला नकार द्यायला लागलं होतं. त्याचं कारण काल रात्री हाती लागलं.

गुरुवार म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. देखभालीसाठी सकाळी लाइट जाते ती दुपारी येते. यूपीएसची बॅटरी तेवढा दम धरत नाही, मग नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) सर्व्हरला रीतसर शटडाउन करतं. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. लाइट आल्यावर मशीन आपोआप चालू व्हायला हवं, ते व्हायचं नाही. आई बटण दाबायची, पंखा फिरायचा, पण नेटवर्कवरून पिंगला उत्तर नाही. संध्याकाळी मॉनिटर जोडून बायोसमध्ये गेलो की तारीख मागे गेलेली दिसायची. ती भरायची, बूटच्या यादीतून फ्रीबीएसडीची एंट्री निवडायची, की गडी काहीच झालं नसल्यासारखा चालू. एरवी एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) कितीही रीबूट करा, शटडाउन करून बटणाने चालू करा, एकदाही अडला नाही.

तारीख मागे जातेय म्हटल्यावर मदरबोर्डवरचा सेल मेलाय हे कळायला ज्योतिषी नको. ऑफिसांतून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपांत तो बहुतेकदा मेलेलाच असतो. प्लग जोडलेला असेपर्यंत पॉवर सप्लायचा स्टँडबाय करंट घड्याळ आणि सेटिंग जगवतो, त्यामुळे एरवी पत्ता लागत नाही. पण सेलने अर्धंच कोडं सुटतं. सेटिंग गेली, बूटचा क्रम गेला, मान्य. तरी यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) शेवटी ठरलेल्या जागी, म्हणजे ईएसपी या बूटच्या छोट्या पार्टिशनवरच्या ईएफआय/बूट फोल्डरमधल्या बूटएक्स६४ या फाइलकडे जातंच की. हीच फाइल म्हणजे लोडर, ऑपरेटिंग सिस्टिम चढवणारा छोटा प्रोग्राम. ती फाइल दोन्ही एसएसडींवर आहे, मी डोळ्यांनी पाहिली होती. मग अडतंय कुठे?

शेवटी सेल मुद्दाम तसाच ठेवला, मॉनिटर जोडूनच प्लग ओढला, जेवून आलो आणि बटण दाबलं. स्क्रीनवर: झेडएफएस (आपली फाइलसिस्टिम), अनसपोर्टेड फीचर, आणि शेवटी ‘व्हीडेव्ह झॅप्स व्ही२’. खाली लोडरचा तो निर्विकार ‘ओके’. मी खुर्चीत अक्षरशः टाळी वाजवली.

ज्यांनी १३ वरून १४ ला जाताना हात पोळून घेतलेत त्यांना हे नाव ओळखीचं असेल. हे फीचर ओपनझेडएफएस २.२ बरोबर, म्हणजे फ्रीबीएसडी १४.० मध्ये आलं. आपली इमेज (सर्व्हर बसवायची आपली तयार प्रत) मूळ १३ वर बसवलेली. इन्स्टॉलर लोडर दोन जागी ठेवतो: एक ईएफआय/फ्रीबीएसडीमध्ये, एक त्या शेवटच्या ठरलेल्या, म्हणजे फॉलबॅक जागी. एफीबूटएमजीआर ही बूट एंट्र्या दाखवणारी कमांड चालू बूटची जी वाट दाखवतो तीच फाइल आपली अपग्रेड स्क्रिप्ट बदलत होती. म्हणजे रोजच्या वाटेवर १५ चा लोडर, आणि फॉलबॅकला १३ चा म्हातारा, ज्याला अपग्रेड केलेला बूट पूल (सिस्टिम ज्यावर आहे तो झेडएफएसचा साठा) वाचताच येत नाही. एंट्री क्रमात पहिली असेपर्यंत म्हाताऱ्याला कुणी उठवत नव्हतं. गुरुवारी उठवायचे. आणि मी एंट्री निवडून मशीन ‘दुरुस्त’ केलं की पुरावा गायब.

दोन्ही ईएसपींवर, दोन्ही जागी, एकूण चार फाइली १५ च्या करून टाकल्या. पुन्हा प्लग ओढला. तारीख भलतीच दाखवत का होईना, थेट लॉगिन प्रॉम्प्ट! त्यानंतरच सेल बदलला. सीआर२०३२ लक्ष्मी रस्त्याजवळच्या घड्याळवाल्याकडून घ्या, ताजा मिळतो. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातले निम्मे आधीच दमलेले निघाले. यूपीएसची बॅटरी मात्र तपकीर गल्लीतूनच, वरची तारीख वाचून.

आता पुढचं. ठरलं होतं की बूट पूल मोडून कम्पॅटिबिलिटी प्रॉपर्टी (ठरावीक फीचरच चालू होऊ देणारी सेटिंग) लावून नव्याने बांधायचा, कारण चालू झालेलं हे फीचर मागे घेता येत नाही. मिररमधली एक एसएसडी सोडवायची, तिच्यावर नवा पूल, झेडएफएस सेंडने सगळं त्यात कॉपी, वगैरे. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की एवढा उपद्व्याप कशाला? बूट पूलला नवीन फीचर लागतातच कुठे? रेडझेड एक्स्पान्शन (चालू पूलमध्ये आणखी डिस्क जोडायची सोय) हवं होतं ते डेटा पूलला, आणि ते १५ वर मिळालंच. त्यापेक्षा इमेजमधून ईएफआय/फ्रीबीएसडीची जागाच काढून टाकतो. फक्त फॉलबॅक. एनव्हीरॅमवर (मदरबोर्ड बूटची सेटिंग ठेवतो त्या मेमरीवर) भरवसा शून्य, आणि जपायच्या फाइली चारच्या दोन. नव्या इन्स्टॉलला मात्र कम्पॅटिबिलिटी पहिल्यापासून लावणार. सरसकट सगळे पूल अपग्रेड करणारी कमांड स्क्रिप्टमधून आजच हद्दपार केली.

या गडबडीत एक छान गोष्ट मागे पडली. पीकेजीबेसमुळे (मूळ सिस्टिमच पॅकेजांच्या रूपात) जेल, म्हणजे सर्व्हरमधला वेगळा बंदिस्त कप्पा, आता मिनिमल सेटवर उभा राहतो. डीएनएसच्या जेलमध्ये ना कंपायलर, ना कर्नल. बेसचं अपडेटही पीकेजीनेच, नव्या बूट एन्व्हायर्नमेंटमध्ये (सिस्टिमच्या बूट होणाऱ्या वेगळ्या प्रतीत) करायचं, जमलं नाही तर बेक्टल कमांडने मागे. फ्रीबीएसडी-अपडेटचे ते सेटिंगच्या फाइली मर्ज करत बसायचे दिवस मला अजिबात आठवायचे नाहीत. १५.० मध्ये पीकेजीबेस तांत्रिक पूर्वावलोकन म्हणून दिलेलं असलं तरी घरच्या खोक्याला मी हेच लावणार.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे आपली जुनी इमेज १३ पासून चालत आलीय, त्यांनी झेडपूल अपग्रेड करण्याआधी दोन्ही ईएसपी माउंट करून बूटएक्स६४ चा एसएचए२५६ (फाइलचा ठसा) चालू सिस्टिमच्या, ईएसपीवरच्या नव्हे, बूट फोल्डरमधल्या लोडरशी ताडून पाहा. दुसरी ईएसपी एफएसटॅबमध्ये (आपोआप माउंट होणाऱ्यांच्या यादीत) नसते, ती हाताने माउंट करावी लागते. जुळत नसेल तर आधी कॉपी, मग अपग्रेड. हीच तपासणी स्क्रिप्टमध्ये घालतोय: एकही फाइल वेगळी निघाली तर ती पुढे जाणारच नाही. नवी स्क्रिप्ट रविवारी सगळ्यांना देतो.