चर उपसायच्या दिवशी

श्रावणात सत्तरी तालुक्यात मातीतले प्राणी शोधायचे म्हणजे दिवसभर ओणवं राहायचं. आमचा गट गोव्यातल्या उभयचरांच्या नोंदी करतो आणि त्यात सगळ्यात कमी नोंदी देवगांडुळाच्या. बेडूक रात्री ओरडून आपला पत्ता सांगतो. हा बिनपायांचा प्राणी जमिनीखाली गप्प असतो. कुणाची तरी कुदळ लागेपर्यंत तो तिथे आहे हे कळतच नाही. 'गेगेनिओफिस गोवाएन्सिस' ही देवगांडुळाची जात २००७ साली जगाला कळली ती सत्तरीतल्याच केरी गावामुळे. म्हणून आम्हीही केरीच्या बाजूला, एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत.

चौरस आखायचा, माती वीतभर उलटायची, हाताने फोडून बघायची, परत भरायची. दुपारपर्यंत गांडुळं, हुमणी, गोम. पोफळीची मुळं तुटू नयेत म्हणून मालकीण आजींची नजर होतीच. शेवटी त्याच म्हणाल्या, "बाय, एवढ्या वर कसला सापडतोय तो? पाणी खेळतं तिथे बघ. गडी चर उपसतोय, त्याच्या मागून जा."

गेले. गड्याने काठावरचं कुजक्या पाल्याचं ढेकूळ उचललं आणि "सोरोप!" (साप) म्हणत खोरं उगारलं. मी त्याचं मनगटच धरलं. एवढी ओळख नव्हती खरं तर.

ढेकळाखालच्या पोकळीत काळपट जांभळं, ओलं वेटोळं. अंगभर दाट वळ्या, अंगाच्या कडेने पिवळा पट्टा. गेगेनिओफिसला असा पट्टा नसतो, डोळेही कवटीच्या हाडाखाली दडलेले असतात. इथे पुसट डोळा दिसत होता आणि त्याच्या पुढे, ओठाजवळ, केसाएवढी स्पर्शिका आत-बाहेर होत होती. म्हणजे इक्थियोफिस, देवगांडुळाचाच दुसरा प्रकार. आणि वेटोळ्याच्या आत वाटाण्याएवढ्या अंड्यांचा घोस. कवच असं नाहीच, आरपार दिसतं. एकात पांढुरका जीव वळला तेव्हा त्याच्या मानेशी कल्ल्यांचे लाल तुरे हलले. हे मी चित्रांत पाहिलं होतं. चराच्या काठी, पावसात, छत्री त्यांच्यावर धरून, पहिल्यांदाच.

एरवी आम्ही लांबी, वजन घेतो. आज काहीच नाही. आईला उचललं तर ती अंडी सोडून जाईल ही धास्ती. वळ्या नंतर फोटोवरून मोजायच्या ठरवल्या, मातीचं तापमान टिपलं, ढेकूळ होतं तसं ठेवलं. तक्त्यातले रकाने रिकामे राहिले. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

खरी पंचाईत चराची. अंड्यांतून बाहेर आलेली पिल्लं पाण्यात जातात, मोठी होईपर्यंत तिथेच राहतात. म्हणजे काठ तासायचा नाही आणि चर तुंबूही द्यायचा नाही. "मग माझं काम?" गडी म्हणाला. आजींनी चुडत, म्हणजे झावळी, आणून काठावर खोवलं. "एवढा काठ सोड, बाकीचं कर." वाद संपला.

चहा घेताना गडी सहज बोलून गेला, "दर पावसात दोन-चार तरी मारतो हो असले." आमच्या वहीत या भागाच्या तेवढ्या नोंदीही नव्हत्या.

आता गावात फोन केला की आधी विचारतो, चर कधी उपसणार, केळीचे खड्डे कधी खणणार. गड्याला सांगून ठेवलंय: मारू नको, दोन्ही टोकांचा फोटो पाठव, इक्थियोफिसला नावापुरतं शेपूट असतं, गेगेनिओफिसला तेही नाही. पहिला फोटो आला तो मांडुळाचा निघाला. साप तर साप, नोंद तीही घेतली.