स्टुडंट व्हर्जन आणि बाटलेली फाइल

भाचा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात गेला आणि लगेच फर्मान: "मावशी, कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं, सॉफ्टवेअर विकत घ्यायचंय." म्हटलं, आधी पाकीट आत ठेव. ऑटोकॅड, फ्यूजन ही कॅडची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात. कॉलेजात शिकत असल्याचा पुरावा द्यायचा, वर्षभराचं लायसन्स मिळतं, पुढे शिकत असलास तर पुन्हा.

खरी गोम वापरात आहे. मी भोसरीत जिग-फिक्स्चरची, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनांची, ड्रॉइंग करते. ऑटोकॅड 2015 च्या आधी स्टुडंट व्हर्जनच्या प्रिंटवर चारही कडांना शैक्षणिक असल्याची इंग्रजी ओळ छापून यायची. त्या फाइलमधला एखादा बोल्टचा ब्लॉक (तयार चित्र) आपल्या ड्रॉइंगमध्ये चिकटवला, की आपली चांगली फाइलही बाटायची, तिच्या प्रिंटवरही तीच ओळ यायची! आमच्या शॉपफ्लोअरवर तशी प्रिंट गेली की सुपरवायझर आधी हसायचा, मग ओरडायचा.

ऑटोकॅडमधून ती भानगड गेली. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरच्या स्टुडंट एडिशनमधल्या ड्रॉइंगच्या प्रिंटवर मात्र अजूनही शिक्का येतो. आणि शिक्का नसला तरी फुकटच्या लायसन्सवर पैसे घेऊन काम करायचं नाही, ही अट आहेच.

शेजारच्या काकांना गेटचं ड्रॉइंग हवंय, पैसेही देणार म्हणे. त्यासाठी भाच्याला फ्रीकॅड टाकून दिलंय; ते सगळ्यांनाच फुकट, पैसे घेऊन केलेल्या कामालाही चालतं. त्यातल्या स्केचरशी, म्हणजे रेखाटनाच्या भागाशी, भांडतोय सध्या.