टेनर सॅक्सोफोन, आठवडा चौदावा: खर्ज बोलू लागला

ऑल्टो या लहान सॅक्सोफोनवर दोन वर्षं काढून त्याहून मोठा, खालच्या सुरांचा टेनर हाती घेतला, त्याला आज चौदा आठवडे झाले. बोटांची ठेवण दोन्हींवर एकच. लिहिलेला सी वाजवला की ऑल्टोतून पेटीची काळी दोन ऐकू येते आणि टेनरमधून काळी पाच, तीही आणखी खालची. त्यामुळे पंधरा दिवसांत जम बसेल असं धरून चालले होते. बोटं खरंच लगेच बसली, पण खर्ज काही केल्या दाद देईना.

खालचा बी किंवा बी फ्लॅट लावायला गेलं की सूर आधी गुडगुडायचा आणि मग फुटून थेट वरच्या सप्तकात जायचा. तो धरून ठेवायला मी ओठ आणखी आवळत होते. पाचव्या आठवड्यात माउथपीस (तोंडात धरायचा भाग) नेकवरून, म्हणजे वरच्या वाकड्या नळीवरून काढून नुसताच फुंकून पाहिला. ऑल्टोच्या माउथपीसमधून पांढरी सहा आणि टेनरच्या माउथपीसमधून पांढरी पाच यावी, असा एक ढोबळ मापदंड शिकवताना सांगतात. माझ्या टेनरच्या माउथपीसमधून पांढरी सहाच येत होती. जबडा ऑल्टोच्या सवयीनं रीड, म्हणजे माउथपीसवरची कंप पावणारी वेताची पट्टी, दाबत होता. मग खालचा ओठ उशीसारखा नुसता टेकवायचा, घसा 'ओ' म्हणताना उघडतो तसा ठेवायचा आणि रोज वीस मिनिटं एकेका सुरावर दम संपेपर्यंत थांबायचं, एवढंच केलं. गाणाऱ्यांचा खर्जाचा रियाज असतो, तसाच हा.

डी आणि सी भरून येऊ लागले. त्याखालचे सूर तरीही अडत होते. इथे मी स्वतःला दोष देत तीन आठवडे घालवले, ते टाळता आले असते. टेनर वाजवणाऱ्यांनी हे आवर्जून तपासा. डाव्या करंगळीनं खालचा सी शार्प, बी किंवा बी फ्लॅट दाबला की त्याच जोडणीतून जी शार्पची कीही ओढली जाते. तिचं पॅड (छिद्र झाकणारी गादी) उघडू नये म्हणून उजव्या हाताची यंत्रणा ते वरून दाबून धरते आणि तो दाब एका छोट्या स्क्रूवर ठरतो. माझा स्क्रू किंचित सैल होता. खालचा डी धरून जी शार्पची की दाबली तेव्हा सूर थरथरला. अंधारात नळीत बारीक दिवा सोडला, तर त्याच पॅडच्या कडेनं केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. पाव फेरा पिळला आणि त्याच संध्याकाळी बी फ्लॅट आला. छातीत घुमणारा, जाड, उबदार सूर. बराच वेळ मी दुसरं काही वाजवलंच नाही.

सध्या हार्मोनिक्स, म्हणजे एकाच बोटठेवणीतून निघणारे वरचे सूर, चालू आहेत. बोटं खालच्या बी फ्लॅटवरच ठेवायची, सप्तक वर नेणाऱ्या ऑक्टेव्ह कीला हात लावायचा नाही आणि फक्त घशानं वरचे सूर काढायचे. आधी सा, मग वरचा सा, त्यावरचा प, पुन्हा सा, मग ग. अ‍ॅडॉल्फ सॅक्सनं 1846 साली पेटंट घेतलं ते शंकूसारखी रुंदावत जाणारी नळी घेऊनच, म्हणून हे वाद्य आधी सप्तकावर उडी घेतं. क्लॅरिनेटची नळी बहुतेक सारख्याच रुंदीची, तिथे पहिली उडी थेट वरच्या प वर पडते.

रियाजानंतर रोज एक जुनं रेकॉर्डिंग ऐकते. कोलमन हॉकिन्स आणि लेस्टर यंग हे जाझ वादक, दोघांचंही वाद्य टेनर. हॉकिन्सचा सूर भरघोस आणि आंदोलित, यंगचा हलका आणि सरळ, जणू दुसरंच वाद्य. हॅरी कार्नीनं ड्यूक एलिंग्टनच्या जाझ बँडमध्ये टेनरहूनही खालच्या बॅरिटोनवर चाळीसहून अधिक वर्षं काढली, तो तळाचा सूर ऐकला की माझा खर्ज अजून किती पातळ आहे ते कळतं. कद्री गोपालनाथ ऑल्टोवर कर्नाटक संगीतातल्या गमका, म्हणजे सुराला दिलेली आंदोलनं, घ्यायचे. सप्तकाचे ठरावीक सूर काढणाऱ्या कींच्या वाद्यातून ते काम होतं तेव्हा ओठ आणि श्वास किती कसलेले असतील, याचा अंदाज मला आता कुठे येतोय.

आजची नोंद: खालचा बी फ्लॅट हळू आवाजात अठरा सेकंद, न फुटता. प स्वच्छ येतो. तार सा दहातून सहा वेळा. ग अजून येत नाही, जीभ मागे चढते आणि सूर चिरकतो. पुढचे दोन आठवडे फक्त त्या ग साठी.