शिक्का कोणता मारायचा?

लुकस पोप यांचा 2013 साली आलेला ‘पेपर्स, प्लीज’ हा व्हिडिओ गेम मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यातला नैतिक पेच रणांगणावर नव्हे, तर कागदपत्रे तपासताना समोर उभा राहतो. आर्स्तोत्स्का या काल्पनिक देशाच्या सीमेवर, 1982 साली, आपण तपासनीस असतो. एका नवऱ्याचे कागद चोख निघतात. जाता जाता तो मागे उभ्या असलेल्या बायकोला सांभाळून घेण्याची विनवणी करतो, आणि खिडकीशी आलेल्या तिच्याजवळ प्रवेश परवानाच नसतो. तरीही प्रवेश देणारा हिरवा शिक्का मारला की लगेच चूक दाखवणारी चिठ्ठी छापून येते. दिवसातल्या पहिल्या दोन चुका ताकिदीवर निभावतात, तिसरीपासून मात्र दंड बसतो, आणि रात्री उरलेल्या पैशांतूनच घरभाडे, अन्न, ऊब आणि घरच्यांचे औषधपाणी भागवायचे असते. त्यामुळे दयेचाही हिशेब करावा लागतो. चांगुलपणाचे गुण मोजून दाखवणारे गेम मला याच्यापुढे उथळ वाटतात, कारण तिथे बरोबर उत्तर आधीच ठरलेले असते. इथे नियम पाळणाराही एखादे कुटुंब तोडतो, आणि ते ओझे खेळाडूला दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही. मी तिला आत सोडले, आणि रांगेतल्या पुढच्या माणसांचे पासपोर्ट अधिकच कठोरपणे तपासू लागलो.