किट कार बांधताना हवेचा हिशोब

किट कार म्हणजे सांगाडा, बॉडीचे पत्रे, सस्पेन्शनचे भाग आणि नटबोल्ट खोक्यांतून मागवायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये आपल्या हातांनी त्यांची चालती गाडी करायची. ब्रिटनमध्ये ही परंपरा रुजली त्याचे एक कारण करव्यवस्थेत होते. तयार गाडीवर तेथे खरेदी कर लागत असे, सुट्या भागांवर लागत नसे. त्यामुळे लोटस या मोटार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणलेली लोटस सेव्हन ही छोटी, उघडी गाडी अनेकांनी सुट्या भागांच्या रूपातच विकत घेतली. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसकडून सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि ती गाडी आजही किटच्या रूपात मिळते. नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर मीही याच घराण्यातली एक गाडी बांधली. इंजिन, गिअरबॉक्स आणि वजन यांवर किट कारवाले तासन्‌तास बोलतात, हवेचा विषय मात्र क्वचितच निघतो. माझ्या मते सेव्हनसारख्या गाडीत खरा हिशोब हवेचाच आहे.

सेव्हन वजनाला अतिशय हलकी आणि उंचीला कमरेएवढी असल्यामुळे ती वाऱ्याला सहज कापत जात असेल, असे कोणालाही वाटते. प्रत्यक्षात तिचा रोधगुणांक, म्हणजे गाडीचा आकार हवेला किती अडतो हे सांगणारा आकडा, ०.७ च्या आसपास धरला जातो. आजच्या चांगल्या सेडानचा ०.२८ च्या जवळपास असतो. समोरचे क्षेत्रफळ सेव्हनसाठी १.३५ आणि सेडानसाठी २.२ चौरस मीटर धरून दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला, तर सेव्हनचा ०.९५ आणि सेडानचा ०.६२ येतो. म्हणजे पाच माणसांची ऐसपैस गाडी या दोन माणसांच्या चिमुकल्या गाडीपेक्षा हवेला कमी अडते. शिवाय हवेशी झुंजायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वरच्या आकड्यांनुसार सेव्हनला ताशी १०० किलोमीटरला केवळ हवेसाठी सुमारे १६ अश्वशक्ती लागते, १६० ला ६८ आणि २०० ला १३० हून अधिक. महागडे इंजिन बसवूनही कमाल वेग फारसा का वाढत नाही, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

हा रोध येतो कोठून? सर्वांत मोठा वाटा उघड्या चाकांचा आणि उभ्या काचेचा. फिरत्या चाकाचा वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. गाडी १०० ने चालली असेल तर टायरच्या माथ्याला २०० चा वारा लागतो. सस्पेन्शनच्या गोल नळ्या दिसायला बारीक असतात, पण गोल नळीच्या मागे हवा तुटून भोवरे पडतात आणि तेवढ्याच जाडीच्या, माशासारख्या निमुळत्या पट्टीच्या तुलनेत तिचा रोध दहापट भरू शकतो. काच काढून चालकापुरता छोटा पडदा लावला की मोकळ्या रस्त्यावर फरक लगेच कळतो. मात्र त्यानंतर हेल्मेट घालावेच लागते.

हे ज्ञान त्या काळी लोटसकडे नव्हते असे मुळीच नाही. विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या फ्रँक कॉस्टिन यांनी १९५६ च्या लोटस इलेव्हनला जे अंग दिले, ते आजही पाहत राहावे असे आहे, आणि पुढे आलेल्या एलीट या बंद गाडीचा रोधगुणांक ०.२९ सांगितला जातो. सेव्हन स्वस्त आणि सहज बांधता येण्याजोगी हवी होती. म्हणून तिचे पत्रे सपाट राहिले आणि चाके बाहेर राहिली. हौशी माणसाला ते मूळ रूप बदलता येत नाही आणि बदलूही नये, असे मला मनापासून वाटते. त्याच्या हातात आहे ते आतली हवा सांभाळणे.

रेडिएटरचेच पाहा. नाकाच्या तोंडातून आत आलेली हवा रेडिएटरच्या जाळीतून जाण्यापेक्षा बाजूच्या फटींतून निसटणे पसंत करते, कारण तिला तेथे अडथळा कमी असतो. माझ्या गाडीत रेडिएटर आणि नाकाचे फायबर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना बोटभर फट होती. पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावरून ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे बनवले, ते रिव्हेटने जोडले आणि कडांना रबराची पट्टी लावली. त्यानंतर वाहतूक कोंडी सोडली तर पंखा क्वचितच सुरू होऊ लागला. तेवढ्याच थंडाव्यासाठी आता कमी हवा पुरते, त्यामुळे नाकाचे तोंड थोडे लहान करता येते आणि रोध तेवढा घटतो. गरम हवेला बाहेर पडायला बॉनेटवर झरोके हवेतच. ते नसतील तर ती इंजिनाखाली कोंबली जाते आणि गाडीच्या पुढच्या भागाला वर उचलू पाहते.

ही उचल सेव्हनमध्ये खरोखर जाणवते. पुढच्या चाकांवरचे लांब पसरट मडगार्ड सुंदर दिसतात, पण त्यांच्या फुगीर पाठीवरून हवा वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि जास्त वेगात स्टिअरिंग हलके पडते. चाकाबरोबर वळणारे छोटे मडगार्ड या बाबतीत कितीतरी बरे. गाडी खाली दाबून धरण्यासाठी मागे मोठा पंख लावण्याचा मोह मात्र टाळावा. काच आणि दोन डोकी यांच्या मागे हवा इतकी ढवळलेली असते की तेथील पंखाला सलग प्रवाह मिळतच नाही. खात्री करायची असेल तर लोकरीचे बोटभर धागे चिकटपट्टीने पत्र्यावर लावावेत आणि शेजारून दुसऱ्या गाडीतून चित्रण करावे. माझ्या बॉनेटवरचे धागे ओळीने मागे झुकले होते; काचेच्या पायथ्याशी ते थरथरत होते आणि आसनांच्या मागचे चक्क पुढच्या दिशेला वळले होते.

केवळ अंग बदलल्याने काय घडते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. शेल्बी कोब्रा ही उघडी गाडी फ्रान्समधील ल मान्स शर्यतीच्या लांब सरळ रस्त्यावर ताशी सुमारे २५५ किलोमीटरला अडकत असे. पीट ब्रॉक या रचनाकाराने त्याच सांगाड्यावर, त्याच इंजिनासह बंद, निमुळते आणि शेपटीला सरळ कापलेले अंग चढवले. ती डेटोना कूप १९६४ मध्ये ल मान्सला जीटी वर्गात पहिली आली. त्याच वर्षी बेल्जियममधील स्पा या शर्यतीच्या मार्गावर वेगात तिचा मागचा भाग हलका होतो असे दिसल्यावर शेपटीवर एक साधी पट्टी बसवण्यात आली आणि गाडी ताळ्यावर आली. मॅसॅच्युसेट्समधील फॅक्टरी फाइव्ह ही कंपनी आज याच आकाराचे किट विकते.

ब्रिटनमध्ये बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्यापूर्वी आयव्हीए ही सरकारी तपासणी होते आणि बाहेरून हात लागेल अशा कडांना किमान २.५ मिलिमीटर गोलाई मागितली जाते. त्यामुळे पुढे पट्टी वा पडदा लावायचा तर धारदार कड चालत नाही. हे आधीच लक्षात घेऊन काम करावे. आपल्या बदलांचा परिणाम मोजायला पवनबोगदा, म्हणजे गाडीवर कृत्रिम वारा सोडून रोध मोजण्याची सोय, लागत नाही. जुन्या धावपट्टीवर, वारा पडलेला असताना, गाडी ११० पर्यंत न्यावी, न्यूट्रल करून सोडावी आणि ती ७० पर्यंत यायला किती सेकंद लागतात ते टिपावे. धावपट्टीचा उतार आणि उरलासुरला वारा हिशोबातून जावा म्हणून तेच उलट दिशेने करून सरासरी काढावी आणि एका वेळी एकच बदल करावा.