पुण्यात बसून डॉट डीई

माझं पोट भरतं ते भाषांतरावर. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जर्मनीहून मशिनं येतात, त्यांच्याबरोबर विटेएवढी जाड मॅन्युअलं येतात आणि ती इंग्रजी-मराठीत आणायचं काम मी कोथरूडच्या घरी बसून करते. संध्याकाळी जर्मनच्या शिकवण्या. आणि या दोन्हींच्या जोडीला एक छोटा धंदा आहे, ज्याबद्दल मी नातेवाइकांत फारसं बोलत नाही, कारण समजावून सांगेपर्यंत चहा गार होतो. मी जर्मन डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, विकत घेते आणि जर्मन लोकांना विकते. डॉट डीई. पत्त्याच्या शेवटी येणारी ही जर्मनीची अक्षरं. बाकी कुठल्याच देशाच्या नावाला हात लावत नाही.

मध्यंतरी बी-टू पातळीच्या बॅचमधला एक मुलगा वर्ग संपल्यावर थांबला. हिंजवडीत नोकरीला आहे, हुशार आहे. म्हणाला, "मॅडम, तुम्ही डॉट एआय का नाही घेतलं? लोकांनी छापलेत पैसे."

छापलेत, हे खरंच आहे. सगळ्यात जास्त कोणी छापले असतील तर अँग्विला नावाच्या बेटाने. कॅरिबियन समुद्रातला ब्रिटिश अमलाखालचा ठिपका, वस्ती जेमतेम पंधरा-सोळा हजार. आपल्याकडे एका पेठेत तेवढी माणसं निघतील. देशांना दोन अक्षरी कोड वाटले गेले तेव्हा त्यांच्या वाट्याला ए आणि आय आले, म्हणजे नेमकी कृत्रिम बुद्धिमत्तेची अक्षरं, एवढंच त्यांचं कर्तृत्व. २०२३ मध्ये या नावांतून त्यांच्या सरकारला सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले, एकूण महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. नाव घ्यायचं तर निदान दोन वर्षांचे पैसे एकदम भरायचे. तुवालू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाचंही तसंच, त्यांना टीव्ही मिळालं. संयुक्त राष्ट्रसंघाचं सभासदत्व घेणं त्यांना २००० साली परवडलं ते या टीव्हीच्या पैशांवर.

पण मला विचाराल तर हे देशाच्या डोमेनचे दोन वेगवेगळे बाजार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एका बाजारात फक्त अक्षरं विकली जातात. घेणाऱ्याला अँग्विला नकाशावर दाखव म्हटलं तर दाखवता येणार नाही आणि त्याचं काही अडतही नाही. दुसऱ्या बाजारात देश विकला जातो. म्युनिकजवळच्या प्लंबरला डॉट डीईच हवं असतं, कारण त्याचं गिऱ्हाईक तेच टाइप करतं आणि दुसरं काही दिसलं तर जरा बिचकतं. पहिल्या बाजारात भाव फॅशनवर चढतो. दुसऱ्यात भाव सावकाश चढतो, पण त्याच्यामागे आठ कोटींहून जास्त माणसं आणि त्यांची दुकानं असतात.

आणि पहिल्या बाजारात एक गोष्ट घेणारे विसरतात. अक्षरं तुमच्या मनात काहीही असोत, कागदावर ती एका भूभागाचीच असतात. डॉट आयओ घ्या. संगणकवाल्यांना त्यात इनपुट-आउटपुट दिसतं, पण तो कोड आहे हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचा, म्हणजे चागोस बेटांचा. ती बेटं मॉरिशसला द्यायचं ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं आणि मे २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या. प्रदेशच उरला नाही तर कोडचं काय? युगोस्लाव्हिया मोडला, आणि त्याचं डॉट वाययू मार्च २०१० मध्ये कायमचं बंद झालं. उलट सोव्हिएत संघ जाऊन तीन दशकं उलटली तरी डॉट एसयू चालूच आहे. म्हणजे प्रदेश गेला की कोडही जातो असा नियम आहे, पण तो कधी आणि कोणावर लागेल हे आपल्या हातात नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या कित्येकांची डॉट ईयू नावं २०२१ मध्ये अशीच गेली. पैसे नियमित भरलेले, धंदा चालू, पण पत्ता युरोपीय संघाच्या बाहेर पडला. ही नावं काही कोणी चोरली नव्हती. त्या नावांसाठी जी पात्रता लागते ती त्या लोकांकडे उरली नव्हती, बस.

माझा मेहुणा या सगळ्याला 'ऑनलाइन प्लॉट' म्हणतो. त्याचे मुळशीला प्लॉट आहेत, त्यामुळे जग त्याला गुंठ्यांत दिसतं. मी त्याला सांगते, अरे, याला सातबारा नाही. मी दरवर्षी पैसे भरते तोवर ते नाव मी म्हणेन तिथे वळवलं जाईल, एवढाच करार आहे. करार ज्या देशाचा, कायदा त्या देशाचा. तो कायदा वाचता येत असेल तर घ्यावं, नाहीतर मुळशी बरी.

डॉट डीईचा कारभार फ्रँकफुर्टची डेनिक ही संस्था बघते. ती सहकारी संस्था आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. सांगलीकडचं माहेर असलं की सहकारी म्हटल्यावर कान टवकारतातच. इथे सभासद ऊस उत्पादक नाहीत, डोमेन विकणाऱ्या कंपन्या आहेत. पावणेदोन कोटींच्या आसपास नावं नोंदलेली आहेत. नाव घ्यायला जर्मन असावं लागत नाही, जर्मनीत राहावंही लागत नाही. पूर्वी परदेशी मालकाला तिथला एक प्रशासकीय प्रतिनिधी दाखवावा लागे, ती अट २०१८ मध्ये गेली. आता डेनिकने मागणी केली तर दोन आठवड्यांत जर्मनीतला एक माणूस नेमून द्यायचा, जो तुमच्या वतीने कोर्टाची कागदपत्रं स्वीकारेल. माझी एक जुनी विद्यार्थिनी स्टुटगार्टला असते, तिला मी हे आधीच विचारून ठेवलं आहे. वेळ आलेली नाही. पण दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे, जर्मन माणूस पंधराव्या दिवशी थांबत नाही.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, नॉर्वे इथली नावं बाहेरच्याला सरळ मिळत नाहीत. तिथलं काहीतरी नातं, पत्ता किंवा कंपनी दाखवावी लागते. त्यावर तोड म्हणून पत्ता भाड्याने देणाऱ्या कंपन्या असतात. नाव त्यांच्या नावावर, पैसे तुमचे. असल्या व्यवहाराला आमच्याकडे बेनामी म्हणतात आणि मी त्या वाटेला जात नाही.

खरी मेख कायद्यात आहे. डॉट कॉमचं भांडण लवादाकडे जातं, डॉट डीईचं थेट जर्मन कोर्टात. हायडेलबर्ग शहराचं नाव एका कंपनीने घेऊन ठेवलं होतं. मानहाइमच्या कोर्टाने १९९६ मध्ये निकाल शहराच्या बाजूने दिला. म्हणून गावांची नावं मी घेत नाही, कितीही छोटं गाव असो. आडनावंही नाही. तिथे शेल आडनावाच्या एका गृहस्थाने स्वतःचंच आडनाव घेतलं होतं, तरी २००१ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते त्याला तेल कंपनीसाठी सोडायला लावलं. फारच प्रसिद्ध कोणी मागायला आलं, तर नाव त्याचं. कंपन्यांची आणि ब्रँडची नावं तर सोडाच, वकिलाची नोटीस येते आणि नोटिशीचा खर्चही आपल्याच नावावर टाकलेला असतो. पण त्याच न्यायालयाने त्याच वर्षी आणखी एक निकाल दिला, 'मिटवोनत्सेंट्राले' नावाचा. सामान्य वापरातला शब्द डोमेन म्हणून घेतला तर ती आपोआप गैर स्पर्धा होत नाही. माझा सगळा धंदा या एका निकालाच्या जोरावर उभा आहे. धंद्यांचे, वस्तूंचे, कामांचे साधे शब्द. तेच मी घेते.

आणि असे शब्द जर्मनमध्ये संपत नाहीत, कारण ती भाषा रोज दोन शब्द जोडून तिसरा तयार करते. कोणता तिसरा लोकांच्या तोंडी बसेल हे ओळखायचं. इथे माझी मॅन्युअलं कामाला येतात. कारागीर ज्या भागाला जे म्हणतो ते शब्दकोशात नसतं, दुरुस्तीच्या पानावर असतं. बातम्याही वाचाव्या लागतात. घर तापवायच्या हीट पंपाच्या शब्दांवर उड्या पडल्या तेव्हा मी लांब राहिले, तिथे मोठे खेळाडू होते. पण बाल्कनीच्या कठड्याला अडकवायचे सौर पॅनेल तिकडे निघाले आणि मे २०२४ मध्ये त्यांच्या इन्व्हर्टरची मर्यादा ६०० वरून ८०० वॅट झाली, तेव्हा मी त्याच्या जोडणीशी संबंधित दोन-तीन शब्द घेऊन ठेवले. (आमच्या सोसायटीत कठड्याला कुंडी अडकवली तरी कमिटीचं पत्र येतं, ते जाऊ दे.) त्यातलं एक विकलं गेलं, बाकीची पडून आहेत.

जर्मन स्वरांवरच्या टिंबांचंही (ä, ö, ü) बघावं लागतं. मार्च २००४ पासून टिंबवाली अक्षरं डोमेनमध्ये चालतात. पण जुन्या सवयीने लोक टिंबाऐवजी पुढे ई लावून लिहितात. दोन्ही रूपं वेगवेगळी नावं आहेत आणि दोन्ही एका हातात नसतील तर गिऱ्हाईक निम्म्याने भाव पाडतं. मी एकच रूप मोकळं दिसलं तर घेत नाही.

एक विक्री सविस्तर सांगते. जिन्यांच्या दुरुस्तीच्या कामातला एक शब्द होता. तो आता दुसऱ्याचा आहे म्हणून लिहीत नाही. बव्हेरियातून ईमेल आली, एका ओळीची: काय किंमत? ना नमस्कार, ना खाली नाव. मी रीतसर पत्र लिहिलं, 'अत्यंत आदरणीय' पासून 'स्नेहपूर्वक' पर्यंत, स्वल्पविराम जागच्या जागी, आणि किंमत बाराशे युरो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस सुतासारखा सरळ. आदरणीय बाई, आमची सुतारकामाची तिसरी पिढी, तीनशे देऊ शकतो. मग पत्ता पाहिला असावा, कारण पुढच्या पत्रात शंका: तुम्ही भारतात, शब्द आमच्या कामाचा, हे कसं? मी सांगितलं की तुमच्याकडच्या जिन्याच्या लिफ्टचं मॅन्युअल मी भाषांतरित केलं आहे, तुमच्या कामाचे निम्मे शब्द मला येतात. त्यावर त्याने मला पायरीच्या नाकाचा, म्हणजे तिच्या पुढे आलेल्या कडेचा, एक शब्द विचारला. परीक्षाच घेतली म्हणा ना. तो मला येत होता. नऊशेला सौदा ठरला.

मग त्याला बिल हवं. बिलाशिवाय जर्मन धंदेवाईक दमडी सोडत नाही, त्यावर क्रमांक हवा, तारीख हवी, काय विकलं ते नेमकं हवं. व्यवहार कोलोनच्या सेडोमार्फत केला. ते पैसे मध्ये धरून ठेवतात, नाव हलल्यावर आपलं कमिशन कापून पुढे पाठवतात. अनोळखी माणसाशी हाच मार्ग बरा. नाव हलायला कोड दिल्यावर काही क्षण लागले. पैसे आमच्या बँकेत यायला मात्र बराच वेळ लागला, कारण परदेशातून रक्कम आली की ती कशाबद्दल हे सांगावं लागतं आणि बँकेच्या यादीत माझं काम बसेना.

"मॅडम, वेबसाइट बनवून दिली का?"

"नाही. नाव दिलं."

"नाव म्हणजे लोगो?"

"नाव म्हणजे नाव."

"मग त्याचे एवढे?"

शेवटी बँकेतल्या त्या मुलीने माझ्याकडून साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला आणि प्रकरण मिटलं. सीए शांत माणूस आहे. त्याने एवढंच विचारलं, हे तुम्ही नियमित करता का? करते म्हटल्यावर धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवलं आणि आगाऊ कराची तारीख फोनमध्ये घालायला लावली.

फायदा होतो का? होतो, पण कोणी नोकरी सोडावी इतका नाही. एका नावाला वर्षाला दहा युरोच्या आसपास खर्च. चांगली विक्री एक झाली की बाकीच्यांची वर्षाची भरणी सुटते. डॉट डीईचा करार बेमुदत असतो, आपण सोडून देईपर्यंत बिल येतच राहतं, त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत मी नावांचीही यादी काढते आणि ज्याला कोणी विचारलं नाही ते सोडते. हे मन घट्ट करून करावं लागतं. चुकून सोडलंच तर तीस दिवसांत परत मिळवता येतं, पण चुकून सोडायची मला सवय नाही.

आता उलट बाजू. कर्वे रस्त्याला माझ्या ओळखीचे एक केटरर आहेत, पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतात. त्यांना डॉट इनवर एक साधं नाव हवं होतं. पाहिलं तर ते अमेरिकेतल्या कोणीतरी घेऊन ठेवलेलं. डॉट इन २००५ पासून सगळ्या जगाला खुलं आहे, कोणीही घेऊ शकतं. मालकाने चार हजार डॉलर सांगितले. काका संतापले. "आपल्या पदार्थाचं नाव, आणि हा तिकडे बसून विकतो? ही काय रीत झाली का? तक्रार करता येत नाही का कुठे?"

करता येते. डॉट इनचा स्वतःचा लवाद आहे. पण तिथे नावावर आपला हक्क दाखवावा लागतो आणि पुरणपोळीवर एकट्या काकांचा हक्क कुठला? ते नाव त्या माणसाने जसं घेतलं, तसंच मी जिन्याचं घेतलं होतं. हे मी त्यांना सांगितलं. काकांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, मग म्हणाले, "तुमचं वेगळं आहे हो, तुम्ही जर्मन शिकलात." हा युक्तिवाद मला कोर्टात टिकेलसा वाटत नाही, पण मी तो खोडला नाही.

मी त्यांच्या वतीने अमेरिकेला पत्र लिहिलं, पाचशे डॉलर सांगून. उत्तर नाही. डॉट भारतही सुचवलं, ते २०१४ पासून देवनागरीत मिळतं. काका म्हणाले, न्यू जर्सीतली माझी गिऱ्हाइकं देवनागरी टाइप करतील होय? शेवटी नावापुढे पुणे जोडून त्यांनी दुसरं घेतलं, सात-आठशे रुपयांत. ऑर्डरी तशाही व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात.