तुम्ही विचारलंत म्हणून: अकोस्टा मोठा की अँटोनेली?

ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, बाईकवाल्या मित्रांत, सगळीकडे मला हाच प्रश्न येतो आणि दरवेळी मी "नंतर बोलू" म्हणून उठून जातो. बाईक रेसिंगमधला पेड्रो अकोस्टा जास्त टॅलेंटेड की एफ-वन म्हणजे फॉर्म्युला वन कारमधला किमी अँटोनेली? आणि त्याला जोडून, चारचाकीवाली पोरं एवढ्या लहान वयात वर पोचतात, मग तीच भारी ना? आता एकदा लिहून टाकतो, म्हणजे मी उठून का जातो तेही कळेल.

वयाचं आधी. २०१६ ला मॅक्स व्हर्स्टॅपन बार्सिलोनाला एफ-वनची रेस अठराव्या वर्षी जिंकला तेव्हा हेच मी स्वतः सगळ्यांना ऐकवत फिरत होतो, की बघा, बाईकवाल्या मार्क मार्केझला मोटोजीपी, म्हणजे बाईकच्या सगळ्यात वरच्या वर्गाची रेस, जिंकायला वीस पूर्ण व्हावे लागले, कारवाले पुढेच. चुकीचं बोलत होतो. व्हर्स्टॅपन एफ-थ्रीचा, म्हणजे खालच्या पायरीचा, एकच सीझन खेळून सतराव्या वर्षी एफ-वनमध्ये बसला कारण तेव्हा त्याला अडवणारी वयाची अट नव्हती, अठराची अट त्याच्यानंतर आली. आणि मार्केझ २०१३ ला मोटोजीपीत आला तो आधी १२५ सीसी आणि मोटो-टू हे खालचे वर्ग जिंकून, आणि आल्या वर्षीच चॅम्पियन झाला, हे मी सोयीस्कर विसरायचो. कोण कितव्या वर्षी पोचला यावरून वाट किती मोकळी होती ते कळतं, पोराचा हात कळत नाही.

मग हात कशात कळतो? टीममेटशी तुलना करा म्हणतात, कारण मशीन सारखं. ठीक आहे, २०२५ ला अकोस्टाने केटीएमवर ब्रॅड बाइंडरला मागे टाकलं आणि मर्सिडीजमध्ये अँटोनेली जॉर्ज रसेलच्या मागे राहिला. झालं? नाही, कारण अँटोनेलीचं ते पहिलं वर्ष होतं, अकोस्टाचं दुसरं. आणि बाईकवर रायडरच सगळं असतो असं मी म्हणायचो, तर मग २०२४ आणि २०२५ दोन्ही सीझनमध्ये अकोस्टा एकही रेस का नाही जिंकला? समोर डुकाटीच्या जास्त वेगवान बाईक होत्या म्हणून. म्हणजे मशीन तिथेही आहेच.

आता खरं कारण.

माझा भाचा नऊ वर्षांचा असल्यापासून कोल्हापुरात कार्टिंग करायचा. फास्ट होता, मामा म्हणून नाही सांगत, स्टॉपवॉच माझ्या हातात असायचं. पण इंजिन, टायर, प्रवास, ताईने एलआयसीवर कर्ज काढलं तरी पुरेना. २०१९ ला तो चौदाचा झाला आणि मी म्हटलं, बाईकवर ये, वन-मेक रेसला, म्हणजे जिथे सगळ्यांना एकाच मॉडेलची बाईक असते, बाईक कंपनीचीच मिळते, खर्च फार कमी, आणि हात तुझा आहे, खाली मशीन कुठलं का असेना. ताई नाहीच म्हणाली असती. म्हणून तिला सांगितलं की माझ्या मित्राच्या टीमची कार्ट आहे, फुकट ट्रायल. दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर गेलो, फॉर्मवर पालक म्हणून सही मी केली.

दुसऱ्या सेशनला तो लेफ्टमधून बाहेर पडताना जरा लवकर थ्रॉटल उघडला. मागचा टायर सुटला आणि परत ग्रिप धरली, आणि बाईकने त्याला उचलून वर फेकलं. हाय-साइड म्हणतात त्याला, हे मला पाठ होतं, मी लोकांना समजावून सांगायचो. मी पिटच्या भिंतीशी उभा, लॅप पूर्ण व्हायची वाट बघत. तो आला नाही. मनगट दोन ठिकाणी, कॉलरबोन एका ठिकाणी. ॲम्ब्युलन्समध्ये तो मला म्हणाला, "मामा, आईला कार्टच सांग." आणि मी फोनवर कार्टच सांगितलं. हॉस्पिटलमध्ये खिशात हात घातला तर स्टॉपवॉच चालूच होतं, एक तास अकरा मिनिटं.

ताई रात्रभर बसने येऊन सकाळी पोचली. कॉटखाली प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा कापून काढलेला सूट होता. तिने तो उलगडून बघितला आणि एवढंच विचारलं, "कार्टचा सूट चामड्याचा कधीपासून झाला रे?"

कार्ट काय सुरक्षित असते? बेल्टसुद्धा नसतो तिला. कारमध्येही पोरं जातात, २०२३ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर अठरा वर्षांचा मुलगा गेला. हे सगळं मी ताईला सांगितलंय, अनेकदा. पण हेही बघा, ऑगस्ट २०२४ ला इटलीत मोंझाच्या एफ-वन रेसच्या पहिल्या प्रॅक्टिसमध्ये अँटोनेलीने दहाच मिनिटांत गाडी बॅरिअरमध्ये घातली, चालत बाहेर आला आणि दुसऱ्या दिवशी मर्सिडीजने पुढच्या सीझनचा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव जाहीर केलं. चूक केली, शिकला. मार्केझने २०२० ला हेरेझला उजवा दंड मोडून घेतला, चार ऑपरेशनं झाली आणि पुढचं टायटल यायला २०२५ उजाडलं. बाईकवरच्या पोराला चुकायला मिळतंच किती? २०२१ च्या एका सीझनमध्ये मुजेलो, अरागॉन आणि हेरेझ या ट्रॅकवर तीन पोरं गेली, एकोणीस, चौदा आणि पंधरा वर्षांची. मग वयाच्या अटी वाढल्या. २०२३ ला चेन्नईच्या ट्रॅकवर बेंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा गेला, त्या रात्री ताईचा फोन आला, ती काहीच बोलली नाही, मीही नाही.

आणि त्याच २०२१ मध्ये दोहाला सोळा वर्षांचा अकोस्टा, स्पेनमधल्या मझारॉनच्या मासेमाराचा पोरगा, पेनल्टीमुळे पिट लेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून, सुटला आणि सगळ्यांना मागे टाकून मोटो-थ्रीची, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाची, रेस जिंकला, दुसरीच रेस त्याची. ती मी चार वेळा बघितली. कारमध्ये असं काही मी बघितलेलं नाही. माझं उत्तर हवं असेल तर हेच आहे, अकोस्टा. पण ते मी आतून कशासाठी म्हणतो, तो खरंच मोठा आहे म्हणून की मी त्या फॉर्मवर केलेली सही बरोबर ठरावी म्हणून, हे मला अजून सुटलेलं नाही.

भाचा आता वीसचा आहे, मनगट पूर्ण वळत नाही. रविवारी दोन्ही रेस एका वेळेला आल्या तर आम्ही दोघं बाईकची लावतो. ताई घरात असेल तर एफ-वन.